मुंबई ते केफ्लाविक, आणि म्हणे ‘सर्वोत्तम पर्याय’!

मुंबईहून आइसलँडला थेट विमान नाही, याबद्दल काहीच तक्रार नाही. अख्ख्या देशाची वस्ती चार लाखांच्या आत, थेट विमान सोडणार तरी कोण आणि कशाला? एक थांबा, फार तर दोन, एवढीच माफक अपेक्षा. पण मुंबई–केफ्लाविक (हा आइसलँडचा मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळ) टाकून शोध दाबा आणि तिकिटं विकणाऱ्या साइट सगळ्यात वर काय चिकटवतात ते बघा. मुंबई ते हीथ्रो. मग लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकहून, केफ्लाविक. मध्ये पाच तास. हिरव्या पट्टीत ‘सर्वोत्तम’, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘विमानतळ बदल’.

अरे, हीथ्रो ते गॅटविक साठ-सत्तर किलोमीटर आहे! लंडनच्या बाहेरच्या वर्तुळाकार हायवेवर गाडी अडकली की संपलं. आणि रस्त्याचं नंतर बघू, आधी ब्रिटनमध्ये पाऊल तर टाकता आलं पाहिजे. भारतीय पासपोर्टवाल्याला त्यासाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो. आइसलँडसाठी काढलेला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, तिथे चालत नाही. साइटला तुमचं राष्ट्रीयत्व माहीत असतं, नाव-जन्मतारीख-पासपोर्ट नंबर सगळं विचारून घेतात, पण ‘या मार्गाला तुम्हाला आणखी एक व्हिसा लागेल’ हे एक वाक्य लिहायला यांच्या स्क्रीनवर जागा नसते. जागा कशाला असते? ‘तुमच्यासह १४ जण हे तिकीट बघत आहेत’ अशा धमक्यांना.

बरं, विमानतळ तोच असला तरी सुटका नाही. हीथ्रोला उतरून, इमिग्रेशनच्या आतच राहून, दुसऱ्या विमानात बसायचं असेल तरीही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्यातून सूट आहे, पण ती मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असणाऱ्यांना, तीही अटींसह. पर्यटनाचा साधा शेंगेन व्हिसा त्या यादीत नाही. लोक बिनधास्त समजून चालतात की ‘युरोपचा व्हिसा आहे ना, मग झालं’, आणि मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच त्यांना बाजूला काढलं जातं. लंडनमार्गे जाणारी तिकिटं बरेचदा स्वस्त दिसतात ती अशी. ज्याच्याकडे ब्रिटनचा किंवा सूट मिळवून देणारा व्हिसा नाही, त्याने लंडन, मँचेस्टर, एडिंबरा हे सगळं यादीतून सरळ उडवावं.

आता खरा डोक्याला ताप. ‘सेल्फ ट्रान्सफर’. नाव कसं छान, स्वावलंबी वगैरे. प्रत्यक्षात एका कंपनीचं मुंबई–कोपनहेगन आणि दुसऱ्या कंपनीचं कोपनहेगन–केफ्लाविक अशी दोन वेगळी तिकिटं एका रकमेत बांधून दिलेली असतात. दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळे बुकिंग क्रमांक, आणि दोन्ही कंपन्यांना एकमेकींचा पत्ता नाही. बॅग केफ्लाविकपर्यंत टॅग होत नाही. कोपनहेगनला इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅग घ्या, बाहेर या, परत चेक-इन, परत बॅग द्या, परत सिक्युरिटी. दुसऱ्या कंपनीचा बॅग घ्यायचा काउंटर सुटण्याच्या साधारण पाऊण-एक तास आधी बंद होतो, म्हणजे तिकिटावर दिसणाऱ्या तीन तासांतले दोनच तुमचे. त्यात ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ईईएस ही नवी नोंदणी सुरू झाली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे यांची नोंद होते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यात वेळ जातो. दोहाचं विमान, दुबईचं विमान एकदम उतरलं की रांग किती होईल याचा हिशेब साइटच्या ‘३ ता.’मध्ये कुठेच नसतो.

आणि पहिलं विमान उशिरा आलं तर? दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही आला नाहीत, तिकीट गेलं. नुसतं जाण्याचं नाही. कोपनहेगन–केफ्लाविक–कोपनहेगन असं येण्याजाण्याचं एकच तिकीट असेल तर जाण्याचा टप्पा चुकल्यावर परतीचाही बाद होतो. लोकांना हे परतीच्या दिवशी कळतं!

भरपाईचं ऐकायचंय? ईयू २६१ नावाचा युरोपीय संघाचा एक चांगला नियम आहे, आइसलँडलाही लागू. तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो. पण तो लागतो युरोपातून सुटणाऱ्या कुठल्याही विमानाला, आणि युरोपात येणाऱ्या फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला. आखाती कंपनीने मुंबई–दुबई–कोपनहेगन करताना चार तास उशीर केला, तर तिला हा नियम नाही. पुढचं केफ्लाविकचं विमान तर वेळेवरच उडालं, त्या कंपनीचा काय दोष? म्हणजे नियम दोन्हीकडे बरोबर, आणि मधल्या फटीत पडलेले तुम्ही. तेच युरोपीय कंपनीकडून मुंबई ते केफ्लाविक एकाच बुकिंगवर घेतलं असतं तर उशीर शेवटच्या ठिकाणी, म्हणजे केफ्लाविकला मोजला जातो, पुढचं विमान देणं ही त्यांची जबाबदारी असते, आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल-जेवणही त्यांच्या खर्चाने. वादळ आलं, ज्वालामुखी फुटला, तरी हॉटेल-जेवण सुटत नाही, फक्त रोख भरपाई सुटते. पाच-सात हजार वाचवायला लोक हे सगळं सोडून देतात, कारण तिकीट विकणारा हे सांगतच नाही. वर साइट स्वतःची ‘कनेक्शन गॅरंटी’ वेगळे पैसे घेऊन विकते! आधी खड्डा खणायचा, मग दोरी विकायची.

प्रवास विम्यावरही फार भिस्त नको. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं, ते सगळे घेतात. पण चुकलेल्या कनेक्शनचं कलम काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींत वेगवेगळ्या पीएनआरचा प्रवास त्यात बसत नाही.

आता परतीची गंमत, जी एकही साइट समजावून सांगत नाही. केफ्लाविकचं वेळापत्रक अमेरिका–युरोप जोडण्यासाठी बांधलेलं आहे. अमेरिकेची विमानं पहाटे येतात, सात-आठच्या सुमारास युरोपकडे विमानांचा लोंढा सुटतो, तो दुपारी बारा-एकला युरोपात पोचतो, दुपारी परत फिरतो आणि संध्याकाळी अमेरिकेकडे जातो. जाताना हे आपल्या पथ्यावर पडतं: मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेलं विमान सकाळी युरोपात, दुपारचं केफ्लाविक आरामात मिळतं. येताना सगळं उलटं. युरोपीय कंपन्यांची मुंबईची विमानं बहुतेक सकाळी दहा ते दुपारी दीडच्या दरम्यान सुटतात. तुम्ही केफ्लाविकहून सकाळी निघून एक वाजता पोचता, तोवर मुंबईचं दार बंद झालेलं असतं. मग साइट दाखवते ‘३१ तास, २ थांबे’, त्यातले अठरा तास खुर्चीवर. आणि ज्याला हे गणित माहीत नाही तो म्हणतो, जाताना सतरा तास आणि येताना एकतीस, असं कसं?

यावर दोनच धड उपाय आहेत. एक, परतीला आखाती मार्ग बघा. कोपनहेगनसारख्या शहरातून त्यांची विमानं दुपारी उशिरा सुटतात, ती गाठता येतात. दुसरा, सरळ एक रात्र युरोपात मुक्काम. आणि इथे एक नियम उपयोगी पडतो, तोही कुणी सांगत नाही: आंतरराष्ट्रीय तिकिटावर २४ तासांच्या आतला थांबा हा भाड्याच्या दृष्टीने ‘स्टॉपओव्हर’, म्हणजे मुक्काम, धरला जात नाही, नुसतं कनेक्शन धरलं जातं. म्हणजे दुपारी एकला कोपनहेगन आणि दुसऱ्या दिवशी बाराला मुंबईकडे, तर बरेचदा भाडं वाढत नाही. शेंगेन व्हिसा आहेच, बाहेर पडा. कोपनहेगन विमानतळावरून मेट्रोने पंधरा मिनिटांत शहराच्या मध्यात, आणि मेट्रो रात्रभर चालते. फक्त केफ्लाविकला बॅग देताना स्पष्ट विचारा, टॅग कोपनहेगनपर्यंतचा की मुंबईपर्यंतचा. नाहीतर तुम्ही हॉटेलात आणि टूथब्रश विमानतळाच्या तळघरात. हे तिकीट शोधताना ‘सर्वात जलद’ला हात लावू नका, ‘मल्टी-सिटी’त प्रत्येक टप्पा स्वतः टाका. साइट तुम्हाला तिथून परत ‘राउंड ट्रिप’कडे ढकलत राहील. ढकलू द्या.

एक बारीक गोष्ट: आइसलँडचं घड्याळ वर्षभर तेच, भारताच्या साडेपाच तास मागे. डेन्मार्क, जर्मनी मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतात. नॉर्दर्न लाइट्ससाठी नेमके ऑक्टोबर अखेरीस आणि मार्च अखेरीस जाणारे पुष्कळ, आणि विमानांची वेळापत्रकंही त्याच रविवारी बदलतात. सहा महिने आधी काढलेलं तिकीट त्या आठवड्यात असेल तर वेळा पुन्हा तपासा. कंपनीने बदल कळवला तरी मधली साइट तो ईमेल पुढे पाठवेलच असं नाही.

हिवाळ्यात आणखी एक. केफ्लाविकला वारा ५० नॉटच्या वर गेला, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरच्या पुढे, की विमानाला जोडायचे पूल बंद करतात. उतरलेलं विमानसुद्धा माणसांसकट उभं राहतं, कधी तासन्‌तास. अशा ठिकाणी दीड तासाचं कनेक्शन विकणाऱ्याला काय म्हणावं? आणि अकुरेरी, इसाफ्योर्दुर, एयिलस्तादिर इकडे जायचं तर देशांतर्गत विमान बहुधा केफ्लाविकहून नाही, रेक्याविकच्या शहरातल्या छोट्या विमानतळावरून सुटतं. दोन्हींत पन्नासेक किलोमीटर, रेल्वे नाही, बसला पाऊण तास. बॅग स्वतः वाहायची. किमान चार तास ठेवा, हिवाळ्यात तर एक रात्र. ‘रेक्याविक’ असं एकच नाव टाकून दोन विमानतळ एका ओळीत जोडणाऱ्यांना शिक्षा म्हणून जानेवारीत त्या बसथांब्यावर उभं करायला हवं.

बॅगेचं भाडं हा आणखी एक उघड दरोडा. मुंबई–युरोप टप्प्यावर २३ किलोची एक किंवा दोन बॅगा, आणि पुढच्या टप्प्यावर ‘लाईट’ भाडं, चेक-इन बॅग शून्य. एकाच तिकिटावर बहुधा एकच नियम शेवटपर्यंत लागतो. वेगळ्या तिकिटांवर थर्मल, जॅकेट, बूट आणि चिवडा-लाडूंसकट भरलेली बॅग काउंटरवर रोखीने सोडवावी लागते, जिथे दर सगळ्यात चढा. तुलना करताना बॅगेसह एकूण रक्कम मांडा, ‘स्वस्त’ पर्याय बरेचदा तिथेच उताणा पडतो.

अमेरिकेतली आपली मंडळी म्हणतील, आम्हाला काय, आइसलँडेअर सात दिवसांपर्यंतचा स्टॉपओव्हर जादा विमानभाडं न घेता देते. देते, पण तो बुकिंग करतानाच निवडावा लागतो. आणि भारतीय पासपोर्ट, एच-१बी असेल तर नीट वाचा: न्यूयॉर्क–केफ्लाविक–फ्रँकफर्ट–मुंबई या मार्गावर आइसलँडमध्ये एक मिनिटही न थांबता शेंगेन व्हिसा लागतो. केफ्लाविक आणि फ्रँकफर्ट दोन्ही शेंगेनमध्ये, त्यामुळे केफ्लाविकलाच तुमचा शेंगेन प्रवेश होतो. अमेरिकेचा व्हिसा इथे कामाचा नाही. सुट्टीला आई-बाबांना भेटायला निघालेली माणसं गेटवरून परत फिरतात ती यामुळे.

आणि व्हिसाचा तो उलटा न्याय! अर्जाला जाण्यायेण्याचं विमान आरक्षण जोडा. पण व्हिसा मिळेपर्यंत तिकीट विकत घेऊ नका, असाही सल्ला तिथेच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला पंधरा दिवस, कधी पंचेचाळीस. तोवर भाडं वाढतच राहतं. म्हणून परतावा मिळणारं किंवा काही दिवस रोखून ठेवता येणारं आरक्षण थेट विमान कंपनीकडून घ्या. एजंट पाचशे-हजारात जे ‘डमी तिकीट’ देतो, ते तपासणीच्या दिवशी रद्द झालेलं असू शकतं. कोपनहेगनला मुक्काम वाढवत असाल तर रात्री मोजा: जिथे जास्त राहणार त्या देशाकडे अर्ज, सारख्या असतील तर जिथे पहिला प्रवेश तिकडे. आणि मध्ये लंडनला डोकावून परत शेंगेनमध्ये येणार असाल तर मल्टिपल एंट्री मागा, सिंगलवर दुसऱ्यांदा आत घेत नाहीत.

स्वस्त कंपनीच्या मोहाबद्दल एवढंच: वॉव एअर २८ मार्च २०१९ रोजी बंद पडली, प्ले २९ सप्टेंबर २०२५ रोजी. दोन्ही आइसलँडच्याच, दोन्ही ‘सगळ्यात कमी भाडं’वाल्या, दोन्ही वेळा प्रवासी विमानतळावर उभे. कंपनीच बुडाली तर ईयू २६१ची भरपाई मागायची कुणाकडे? पैसे परत मिळाले तर ते क्रेडिट कार्डाच्या चार्जबॅकमधून, म्हणजे बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवून घेतला तर. त्यामुळे निदान हे तिकीट तरी यूपीआयने काढू नका.