रुद्रमचा स्पीड सगळ्यांना पाठ, पुढचं कोण विचारणार?

मी राहतो इंगोलश्टाटला, बव्हेरियात. शेजारीच मांचिंगचा एअरफिल्ड आहे, तिथे टॉर्नेडो आणि युरोफायटर या लढाऊ विमानांची कामं चालतात. मूळचा नाशिकचा, म्हणजे ओझरला एचएएलमध्ये सुखोई बनतात तिथला, त्यामुळे घरी फोन लागला की विषय फिरून फिरून विमानांवर येतोच.

आणि ऑपरेशन सिंदूरनंतर तर रडार मारणाऱ्या मिसाइलवर सगळेच एक्सपर्ट झालेत. आपल्या याच जातीच्या रुद्रम-१ ची टेस्ट ऑक्टोबर २०२० ला झाली, रुद्रम-२ ची मे २०२४ ला, दोन्ही सुखोईवरून, ओडिशाच्या किनाऱ्याजवळ. हे आमच्या मित्रांना तोंडपाठ आहे, आवाजाच्या किती पट वेग, किलोमीटर किती, तेही. ठीके, अभिमान मलाही आहे. पण ही मिसाइल करते काय ते कोणी बोलत नाही. रात्री उसात बॅटरी मारली की डुक्कर दिसतं, पण बॅटरीवाला कुठं उभाय तेही सगळ्यांना कळतं ना, रडारचं तसंच आहे, ते चालू झालं की त्याच्याच सिग्नलवर मिसाइल येते. मग शहाणा ऑपरेटर काय करतो, बंद करतो! आणि बंद रडारनं विमान पाडता येत नाही, म्हणजे मिसाइल लागली नाही तरी तेवढ्या वेळापुरतं काम झालेलं असतं.

१९९९ ला कोसोवोच्या युद्धात नाटोची विमानं सर्बांवर हल्ले करत होती, तेव्हा हेच झालं. नाटोनं शेकडो हार्म, म्हणजे अशाच रडार मारणाऱ्या अमेरिकन मिसाइल सोडल्या, त्यातल्या दोनशेच्या वर एकट्या जर्मनीच्या टॉर्नेडोंनी, आणि ७८ दिवसांनंतरही सर्बांच्या फिरत्या एसए-६ विमानविरोधी मिसाइलच्या तुकड्या बऱ्याचशा शाबूत. झोल्तान दानी नावाच्या त्यांच्या कमांडरनं तर रडार काही सेकंदच चालू ठेवायचं, मग गाशा गुंडाळून दुसरीकडे जायचं, असं करून २७ मार्चला एफ-११७ हे रडारला सहज न दिसणारं स्टेल्थ विमान पाडलं, तेही साठच्या दशकातल्या नेवा मिसाइलनं. एक हार्म भरकटून थेट बल्गेरियात सोफियाजवळ एका घरावर पडली, नशीब कोणी मेलं नाही. पण दुसरी बाजू अशी की सर्ब लोक रडार भीत भीत लावत होते म्हणून नाटोची पडलेली विमानं बोटावर मोजण्याइतकी. आता याला यश म्हणायचं का अपयश? मी यश म्हणेन, फक्त ते टीव्हीवर दाखवता येत नाही.

आता आपल्याकडचा वाद. सिंदूरमध्ये ७ मे २०२५ च्या रात्री नऊ ठिकाणं मारली आणि सरकारनं सांगितलं पाकिस्तानच्या लष्करी ठिकाणांना हात लावला नाही. ८ ला सांगितलं की त्यांच्या रडार आणि एअर डिफेन्सवर मारा केला, लाहोरची सिस्टीम निकामी. मेच्या शेवटी सिंगापूरला सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, चौहान बोलले की आपली विमानं पडली, चूक सापडली, सुधारली, दोन दिवसांनी परत उडालो. जूनमध्ये जकार्तातले आपले डिफेन्स अटॅशे, म्हणजे दूतावासातले लष्करी अधिकारी, बोलले की सुरुवातीला लष्करी ठिकाणं आणि एअर डिफेन्स मारायला राजकीय मनाई होती, नुकसानीनंतर टॅक्टिक्स बदलले. दूतावासानं लगेच खुलासा केला की वाक्य संदर्भ सोडून घेतलंय. यावर घरी भांडण कशाचं, तर विमानं किती पडली, आणि हे विचारणारा देशद्रोही का नाही. अरे पण पहिल्या रात्री रडारला हात न लावणं हा युद्ध वाढू नये म्हणून घेतलेला निर्णय असेल तर त्याची किंमत वैमानिकांनी भरली, ती योग्य होती का, हा खरा प्रश्न! मला स्वतःला तो निर्णय चुकीचा वाटत नाही, पण मग तसं सरळ सांगा ना.

जर्मन लोक याबाबतीत वेगळे. २५ दशलक्ष युरोच्या वरची कुठलीही लष्करी खरेदी बुंडेस्टागच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, बजेट कमिटीपुढे जाते, १५ युरोफायटर या रडार-शिकारीसाठी बदलायचे तेही तसेच गेले, २०२३ ला. सैन्य लढायला बाहेर पाठवायचं तर संसदेची परवानगी लागते. ऐकायला भारी वाटतं, पण इकडचं लोणचंही मुरतच बसतं, टॉर्नेडो म्हातारे झाले तरी बदली विमानं २०३० च्या आसपास. आणि ऑफिसात विषय काढला तर लोक आवाज आणि खर्चापलीकडे जात नाहीत, कारण उडवायची वेळ येईल असं त्यांना मनातून वाटतच नव्हतं, युक्रेननंतर जरा जाग आलीय. आपल्याकडे शेजारीच असे आहेत की ती चैन परवडत नाही.

घरचे म्हणतात तिकडे बसून शिकवू नको. बरं. पण जुलै २०२५ ला लोकसभेत सिंदूरवर तासन् तास चर्चा झाली तेव्हा मी इथून बघत होतो, ट्रम्प काय म्हणाले यावर केवढा वेळ गेला. रुद्रम किती घेणार, कुठल्या स्क्वाड्रनचं हेच मुख्य काम असणार, शत्रूचं रडार आंधळं करणारी जॅमरवाली विमानं किती, हे नाशिक-पुण्याच्या खासदारानं विचारायला काय हरकत आहे? आकडे गुप्त असतील तर संरक्षणाच्या स्थायी समितीत बंद दाराआड विचारा.