हे पिस्तूल आहे, साडी नाही

काल सकाळच्या रेल्वेने सेलूहून छत्रपती संभाजीनगरला गेलो, शस्त्रांच्या एका दुकानात काचेच्या टेबलासमोर पाऊण तास उभा राहिलो, आणि "शेठ, हे पिस्तूल आहे, साडी नाही घडी मोडून दाखवायला" हे वाक्य गिळून रिकाम्या हाताने परत आलो. त्या वाक्याला तोडीस तोड उत्तर मला सुचले नाही असे नाही. पण ते परतूर स्टेशन मागे पडल्यावर सुचले, आणि तेव्हा ऐकायला समोरच्या बाकावर फक्त एक झोपलेले आजोबा होते.

माझा प्रश्न काही अवघड नव्हता. टेबलावरच्या हिरव्या कापडावर दोन पिस्तुले शेजारी शेजारी ठेवलेली होती. एक सरकारी कारखान्यातले, नवेकोरे, सगळे कर धरून दीड लाखाच्या आतबाहेर. दुसरे विलायती, वयाने माझ्याहून मोठे, साडेसहा लाख. (भारतीय बनावटीच्या पिस्तुलाला 'देशी' म्हणायची सोय नाही, आमच्याकडे देशी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर एक तर कट्टा येतो, नाही तर बाटली.) दोन्ही बत्तीस बोअरची (बोअर म्हणजे नळीचे आतले माप). नऊ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेल्या मापात, मोडत असल्यामुळे माझ्यासारख्याच्या परवान्यावर ते मिळतच नाही. तेव्हा दीड लाख मोजा की साडेसहा लाख, नळीतून निघणार ती जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्रकाराने 1899 मध्ये आखलेल्या काडतुसाचीच 7.65 मिलिमीटरची गोळी, आणि ते काडतूसही बहुधा पुण्याच्या खडकीतल्या कारखान्याचेच असणार. मग मधल्या पाच लाखांत मला जास्तीचे काय मिळणार, एवढेच मी विचारले.

"बजेट काय हाये?" हे त्यावरचे उत्तर.

मी पुन्हा विचारले, की बजेट बाजूला ठेवा, वस्तूत फरक काय आहे ते सांगा. त्यावर दुकानदार माझ्या चपलेकडे पाहून म्हणाला, "फरक कमरेला लावल्यावर कळतो, शेठ." तीस वर्षे व्यापार करतो आहे. गिऱ्हाइकाच्या चपलेकडे पाहून भाव ठरवणारा माणूस मला लांबून ओळखू येतो, आणि काल तो जवळ होता.

तरी मी संयम राखला आणि विलायती पिस्तूल नुसते नीट पाहिले. नळीच्या टोकाशी निळसर काळा मुलामा उडून खाली पांढरे पोलाद दिसत होते, म्हणजे वर्षानुवर्षे कातडी म्यानात घासलेले. मुठीच्या स्क्रूची खाच दोन्ही बाजूंनी भुरभुरली होती, म्हणजे कोणीतरी चुकीच्या पेचकसाने ते एकदा नव्हे, अनेकदा उघडलेले. मॅगझीन, म्हणजे मुठीत सरकवायची काडतुसांची पेटी, मूळचे वाटत नव्हते. त्याचा काळा रंग पिस्तुलाच्या रंगाशी जुळत नव्हता. ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही. बत्तीसच्या या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते; मॅगझीन बरोबर नसले आणि वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, की पिस्तूल ऐनवेळी मुके होते. म्हणून मी नम्रपणे म्हटले, की मॅगझीन काढून, चेंबर रिकामे असल्याची खात्री तुम्हीच करून, मला एकदा नळीतून उजेडाकडे पाहू द्या, आतले पिळाचे आटे झिजलेत का ते कळेल.

"त्यात काय बगायचंय? शिनेमा लागलाय का?"

बरे, मग स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, एकदा मागे ओढून पाहू द्या, स्प्रिंग किती कडक आहे ते हाताला कळू द्या. माझ्या अंगठ्याला संधिवात आहे, आणि या जातीच्या पिस्तुलात सगळा धक्का स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोरानेच पेलला जात असल्यामुळे ती स्प्रिंग हलकी असतच नाही. नाही. मग नव्याचा तरी रिकामा चाप एकदा ओढू द्या. तेही नाही. आणि त्यानंतर ते साडीचे वाक्य, तेही दुकानातल्या चार माणसांकडे नजर फिरवून, म्हणजे कोणाचे ऐकायचे राहू नये.

अहो, साडीची घडी न मोडण्याची सबब मला सांगता? आमच्या सेलूत साडीवाला पंचवीस साड्यांच्या घड्या मोडतो, वर चहा पाजतो, आणि गिऱ्हाईक एकही न घेता उठले तरी "या वहिनी" म्हणतो. बैल घेताना माणूस आधी दात पाहतो, मग खुर पाहतो, मग औताला जुंपून दोन तास चालवतो. चाळीस रुपयांच्या कलिंगडाला चौकोनी काप देऊन दाखवतात. एक पिस्तूल तेवढे असे आहे, की जे बिघडले तर जीव जाईल, पण घेण्याआधी त्याला हात लावला तर दुकानदाराचा जीव जातो.

मी उभाच होतो, तेवढ्यात गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची चेन घातलेला एक तरुण आत आला. त्याला खुर्ची मिळाली, त्याला वेलची घातलेला चहा मिळाला. मला पाऊण तासात स्टीलच्या पेल्यातले पाणी मिळाले होते, तेही मागितल्यावर. त्याने पिस्तुलांकडे पाहिलेसुद्धा नाही, आधी मोबाइल काढून विचारले, "फोटोत कोणतं भारी दिसंल?" आणि दुकानदार, जो मला नळी दाखवत नव्हता, त्याने ते साडेसहा लाखांचे विलायती पिस्तूल त्या पोराच्या तळहातावर ठेवले. 2024 च्या डिसेंबरातल्या सरपंच हत्येनंतर बीड जिल्ह्यातले परवाने तपासले गेले, कितीतरी रद्द झाले, पिस्तूल दाखवत रील काढणाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले, एवढे सगळे होऊनही बाजारात मान अजून फोटोवाल्यालाच आहे. लग्नात हवेत गोळीबार करणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंतचा दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तरीही वरातीत मित्र मला विचारतात, की मग तुझे घेतल्यावर एखादा बार काढशील ना?

आणि साडेसहा लाख कशाचे, हे शेंबडे पोरही सांगेल. ऐंशीच्या दशकात खाजगी माणसाला परदेशी शस्त्रे आयात करणे बंद झाले, त्यामुळे जी तेव्हा देशात होती तीच चाळीस वर्षे या कमरेवरून त्या कमरेवर फिरत आहेत. ही किंमत पिस्तुलाची नसून टंचाईची आहे. उलट नव्या पिस्तुलाला नवी स्प्रिंग असते, स्वतःचे मॅगझीन असते, सुटा भाग लागला तर ईशापूरचा सरकारी कारखाना पश्चिम बंगालात का होईना पण अजून जागेवर आहे. हे सगळे मला ठाऊक होते. मला फक्त कोणीतरी तोंडाने सांगायला हवे होते.

कोणी सांगत नाही. मेहुण्याला विचारले तर तो म्हणतो, "दाजी, घ्यायचं तर भारीतलंच घ्या, स्वस्तातलं घेऊन इज्जत जाते." त्याने स्वतः आयुष्यात गलोलीपलीकडे काही चालवलेले नाही. माझ्या जिनिंगमधले, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातले, मुनीम म्हणतात, रिव्हॉल्व्हर घ्या, त्यात अडकण्यासारखे काही नसते. म्हणजे दोहोंतले एक निवडायला गेलो तर हे तिसरे काढतात. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की दीड लाखात कॅमेरे बसवा आणि पाथरी रोडने रात्री रोकड घेऊन येणे बंद करा. हा सल्ला इतका बरोबर आहे, की त्यामुळेच तो ऐकवत नाही.

आता राग निघालाच आहे तर परवान्याचेही ऐका. अर्ज केला तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या. अडीच वर्षांत पोलीस चौकशीला तीन वेगवेगळे साहेब आले, तिघांनी तेच तीन प्रश्न विचारले आणि तिघांनाही माझ्या नावातला 'ष' नीट लिहिता आला नाही. या दिरंगाईत नेमके काय झाले? 22 सप्टेंबर 2025 पासून पिस्तुलावरचा जीएसटी 28 वरून 40 टक्क्यांवर गेला. टूथपेस्ट स्वस्त झाली, साबण स्वस्त झाला, आणि लाखाच्या मूळ किमतीवर माझे बारा हजार वाढले. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला लागलेल्या वेळाचे हे भाडे मी भरायचे. आणि एवढे करून घेतलेली वस्तू वापरायची कधी? निवडणूक आली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो, शस्त्र जमा करा. माझ्या ओळखीच्या एका जिनिंगवाल्यांचे 2024 मध्ये आधी लोकसभेला जमा झाले, मग विधानसभेला जमा झाले, आणि शिवाय नगरपरिषद, जिल्हा परिषद असतातच. त्यांचे पिस्तूल त्यांच्यापेक्षा हवालदाराला जास्त ओळखते. आमच्या पणजोबांकडे रझाकारांच्या काळात ठासणीची बंदूक होती, तिला दारू, छर्रे आणि धाडस एवढेच लागे. स्वस्त की महाग हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण दुसरी बंदूक नव्हतीच.

हे सगळे काल रात्री जेवताना मी इतक्या मोठ्या आवाजात बोलत होतो, की शेजारचे डोकावून गेले. आज सकाळी जिनिंगवर गेलो तेव्हाही डोके तापलेलेच होते. पहिलीच बैलगाडी हादगाववरून आलेली. मी नेहमीप्रमाणे मूठभर कापूस ओढला, दोन बोटांत धागा ताणून पाहिला, मीटर खुपसले आणि म्हणालो, "ओलावा दहा आहे, भाव कमी होईल." शेतकरी म्हणाला, "मालक, त्या मीटरात काय दिसतंय ते मला बी दावा की." आणि माझ्या तोंडून, देवाशपथ, विचार करायच्या आत निघून गेले, "त्यात काय बघायचंय तुला?"

क्षणभर माझा हात मीटरवर तसाच राहिला. मग मी मीटर त्याच्या हातात दिले. त्याने ते उलटेच धरले, तरी मान डोलावली. आकडा नऊ पूर्णांक दोन होता. मी दहा म्हणालो होतो, ते आपल्या सवयीने. भाव त्याप्रमाणे दुरुस्त करावा लागला. मुनीम माझ्याकडे असे पाहत होते, जणू मला ताप आला आहे.

तेव्हा त्या दुकानदाराला फार बोलण्याचा अधिकार मला उरलेला नाही, हे मान्य. तसाही मी काही मोठा नेमबाज नाही. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणात दहा गोळ्या मिळाल्या होत्या. तीन कागदाला लागल्या आणि त्यांतली एक शेजारच्याच्या कागदाला. दिवाळीत सुतळी बॉम्ब लावायची वेळ आली की मी आत जाऊन पाणी पितो. माझ्यासारख्याने साडेसहा लाखांचे पिस्तूल बाळगणे म्हणजे बुजगावण्याला भरजरी फेटा बांधण्यासारखे आहे. म्हणून दुपारी शांत डोक्याने ठरवले, की नवे, स्वस्तातलेच घ्यायचे, मूठ जरा बोजड असली तरी चालेल, आणि मान खाली घालून त्याच दुकानात फोन लावला.

"ते नवं? ते गेलं की हो काल. तुमी निघाले अन् लगेच चेनवाल्या भाऊंनी बुक केलं. म्हणले, जुन्याचा रंग उडाल्याला फोटोत दिसतो."

दुसरे कधी येईल, असे मी विचारले. त्याचे काही सांगता येत नाही, म्हणाला. मग थोडे थांबून, अगदी गोड आवाजात म्हणाला, "विलायती हाये बगा अजून. या तुमी शेठ, या खेपेला नळीबी दावतो."