करारातून सुटलेली गायिका

मराठी गाण्याला श्रोता उरलेला नाही की मराठी गायकांत धमक उरलेली नाही, असा एक वाद गेली काही वर्षे पुण्या-मुंबईच्या संगीतवर्तुळात चालू आहे. मराठी माणूस आपल्या भाषेतले नवे गाणे ऐकत नाही आणि तिकीट काढून तर मुळीच ऐकत नाही, असे एका बाजूचे म्हणणे असते. आता घरबसल्या ध्वनिमुद्रण करून गाणे यूट्यूबवर टाकता येते, तेव्हा रडगाणे पुरे, हिंमत असेल तर स्वतंत्र व्हा, असे दुसरी बाजू बजावते. स्टॉकहोममध्ये राहून हे सारे वाचताना मला सतत जाणवते, की या वादात गाण्याच्या मालकीविषयी कुणी बोलतच नाही. येथील रॉबिन या गायिका-गीतकाराची कारकीर्द मात्र या मालकीभोवतीच फिरत आली आहे.

रॉबिन मिरियम कार्लसन हिचा जन्म 1979चा, स्टॉकहोममधला. आईवडील स्वतंत्र नाटकमंडळी चालवत आणि लहानपणी ती त्यांच्याबरोबर दौऱ्यांवर जात असे. पहिला अल्बम 1995मध्ये बीएमजी या बड्या कंपनीतर्फे आला, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. 1997मध्ये तिची दोन गाणी अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचली. एवढे यश पदरात पडूनही आपल्या गाण्यांचे काय होणार हे ठरवणे तिच्या हाती नव्हते. 1999च्या दुसऱ्या अल्बममध्ये तिने स्वतःच्या गर्भपाताच्या अनुभवावर लिहिले. अमेरिकेतील कंपनीला ती गाणी खटकली, बदल सुचवले गेले, तिने नकार दिला आणि तो अल्बम अमेरिकेत निघालाच नाही. ती जाइव्ह या दुसऱ्या कंपनीकडे गेली, तर 2002मध्ये बीएमजीने ती कंपनीच विकत घेतली! पुढे ‘द नाइफ’ या स्वीडिश जोडीबरोबर तिने एक गाणे केले. कंपनीला ते आवडले नाही. तेव्हा ती करारातून मोकळी झाली आणि 2005मध्ये तिने ‘कोनिचिवा रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. त्याच वर्षी आलेला तिचा अल्बम स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि 2007मध्ये क्लीरुप या संगीतकाराबरोबरचे तिचे गाणे ब्रिटनमध्येही अव्वल ठरले.

ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जाईल तेव्हा ती हिमतीची गोष्ट म्हणून सांगितली जाईल. हिमतीविषयी शंका नाही. पण रॉबिन स्वतंत्र झाली तेव्हा तिच्या गाठीला आठ-दहा वर्षांचे नाव होते, अनुभव होता आणि अमेरिकेतील यश होते, हे विसरून विशीतल्या नवख्या मुलीला तिचा दाखला देणे अन्यायाचे आहे. शिवाय स्वतंत्र झाल्यावरही तिने सारे एकटीने केले नाही. ब्रिटनमध्ये आयलंड आणि अमेरिकेत इंटरस्कोप या मोठ्या कंपन्यांमार्फतच तिचे अल्बम बाजारात गेले. फरक एवढाच, की पहिल्या करारात शेतच दुसऱ्याच्या नावावर होते आणि आता तिने ते बटईने दिले होते. काय गायचे आणि कधी प्रसिद्ध करायचे हे ती ठरवू लागली.

या अधिकाराचा उपयोग तिने कसा केला ते पाहण्यासारखे आहे. 2010मध्ये तिने एकच अल्बम टप्प्याटप्प्याने, जून ते नोव्हेंबर या काळात श्रोत्यांपुढे ठेवला. त्यानंतरचा तिचा एकल अल्बम थेट 2018मध्ये आला. मधल्या आठ वर्षांत तिने इतरांबरोबर काम केले. याच काळात क्रिस्टियन फाल्क हा तिचा जुना सहकारी वारला. दर महिन्याला नवे गाणे हवे, नाहीतर लोक विसरतात, असे आपल्याकडील तरुण गायकांच्या मनावर बिंबवले जाते, त्यांनी या आठ वर्षांचा जरूर विचार करावा. गप्प राहण्याची मुभा ही स्वतंत्र कलावंताची फार मोठी मिळकत आहे, आणि गाणी स्वतःच्या ताब्यात असल्याखेरीज ती परवडत नाही.

दुसरी मिळकत लेखनाची. 2010चे ‘डान्सिंग ऑन माय ओन’ हे गाणे रॉबिनने पॅट्रिक बर्गर याच्याबरोबर लिहिले. पुढे कॅलम स्कॉट या ब्रिटिश गायकाने ते संथ लयीत गायले आणि 2016मध्ये ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. असे गाणे दुसऱ्याच्या आवाजात वाजले, तरी लिहिणाऱ्यांचा वाटा लिहिणाऱ्यांकडेच येतो. स्वीडनमध्ये हा वाटा गोळा करून पोहोचवण्याचे काम स्टिम ही संस्था 1923पासून करत आली आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे कुणी समजू नये. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या कॉपीराइट कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा असा पक्का केला, की तो सही करूनही सोडता येत नाही. गीतकार-संगीतकारांसाठी हा वाटा गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969पासून आहे. शिवाय हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षेच धरावी, असेही कायदा सांगतो. मग अडते कुठे? पुण्यातील माझ्या एका तरुण स्नेह्याने व्हिडिओ कॉलवर मला त्याच्या पहिल्या गाण्याचा करार दाखवला. अडीच पाने, सगळी इंग्रजीत. रक्कम एकरकमी आणि तीही किरकोळ. दुसऱ्या पानावर एक कलम होते: आज ज्ञात असलेल्या व पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी. पाच वर्षांची ढाल त्या एका ‘कायमस्वरूपी’ने निकामी केली होती आणि कवी असलेल्या या मुलाला ती ढाल होती हेच कुणी सांगितले नव्हते. गाण्याच्या वर्गात, स्पर्धेच्या मंचावर, परीक्षकांच्या कौतुकात सुरांविषयी तासन्‌तास बोलले जाते, पण सही कशावर करू नये हे कुणी शिकवत नाही.

स्वीडनमध्ये गायकाच्या आधी गाणे शिकणाऱ्या मुलाचा विचार होतो. नगरपालिकांच्या संगीतशाळा येथे अनेक दशके चालू आहेत. शुल्क बेताचे असते आणि वाद्य भाड्याने मिळते. माझी मुलगी आणि तिचे मित्र शीस्ता भागातील एका तळघरात सराव करतात. तेथे ड्रम जागच्या जागी मांडलेले असतात, अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि दाराशी एक हजेरीपट टांगलेला असतो. मुलांनी त्यावर नावे लिहायची, कारण त्या हजेरीवर लोकशिक्षण संस्थेचे सरकारी अनुदान ठरते. या व्यवस्थेचे मी गोडवे गाणार नाही. खोट्या हजेरीवर अनुदान लाटल्याची प्रकरणे येथेही उघडकीस आली आहेत आणि 2024पासून सरकारने या संस्थांच्या अनुदानाला कात्री लावली आहे. तरीही आज त्या तळघरात ज्यांना गाता येते त्यांच्या आईवडिलांच्या पगाराची चौकशी कुणी करत नाही, हे मला मोलाचे वाटते.

रॉबिन इंग्रजीत गाते, तिची बाजारपेठ जगभर आहे, मराठीला ते कसे जमणार, असा आक्षेप येईल. तो काही अंशी खराही आहे. पण याच देशात होकान हेलस्ट्रोम स्वीडिशमध्ये गातो आणि गोथेनबर्गच्या उलेवी मैदानात त्याला ऐकायला सत्तर हजारांच्या आसपास माणसे जमली आहेत. स्वीडनची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 6 लाख. मराठी मातृभाषा असलेले, 2011च्या जनगणनेनुसार, 8 कोटी 30 लाख. भाषा लहान म्हणून गाणे चालत नाही, हे कारण मला पटत नाही.

आणि परदेशातील आपण मराठी माणसांनी या वादात केवळ पंचांची खुर्ची अडवून बसू नये. गणेशोत्सवाला, दिवाळीला आपली मंडळे महाराष्ट्रातून गायक बोलावतात, विमानाचे तिकीट काढतात, आदरातिथ्यात कसर ठेवत नाहीत. कार्यक्रम मात्र अनेकदा पूर्ण चित्रित होऊन मंडळाच्या यूट्यूब वाहिनीवर कायमचा जाऊन बसतो. त्यासाठी गायकाची लेखी परवानगी नसते आणि खाली गीतकार-संगीतकारांची नावेही नसतात. गायक यजमानांपुढे संकोचाने काही बोलत नाही. मंडळांनी निमंत्रणाबरोबरच एका पानाचा मराठीतला करार पाठवावा: चित्रण होणार की नाही, ते कुठे आणि किती दिवस राहणार, त्याचे वेगळे मानधन किती, आणि मुदत संपल्यावर ते उतरवण्याची जबाबदारी कुणाची. यासाठी वकिलाची गरज नाही. येत्या गणेशोत्सवाची निमंत्रणे निघण्याआधी हे पान तयार होऊ शकते.