आमचं सॅन होजे लिंबूटिंबू नाही

सोमवारी सकाळी, 2023 च्या मेमोरियल डेच्या सुट्टीत, मी पोहे परतत होतो आणि टीव्हीवर कॉलेज बेसबॉलच्या 64 संघांची मांडणी जाहीर होत होती. स्टॅनफर्ड रीजनलच्या चौकटीत सगळ्यात खाली माझं विद्यापीठ, 'सॅन होजे स्टेट', उमटलं आणि मी हातात झारा घेऊनच बाहेरच्या खोलीत धावलो. 2002 नंतर पहिल्यांदा! पोहे खाली लागले. कुणी काही बोललं नाही, तसेच खाल्ले.

तासाभरात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला, "स्टॅनफर्डला शुक्रवारी फुकटचा विजय." लिहिणारा कोण, तर माझ्याच विद्यापीठातून एमएस केलेला, माझ्याच जुन्या अपार्टमेंटमध्ये जमिनीवर गादी टाकून झोपलेला गृहस्थ! आता याच्या मुलाला स्टॅनफर्डचे वेध लागलेत म्हणून हा लाल टोपी घालून फिरतो. तेव्हा बुवा, ही पोस्ट मुख्यतः तुझ्यासाठी. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, लांबणार आहे.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. देशभरात 16 ठिकाणी चार-चार संघ जमतात, त्यालाच रीजनल म्हणतात. दोनदा हरलात की घरी. शेवटी उरेल तो संघ पुढे सुपर रीजनलला जातो, तिथे तीनपैकी दोन सामने जिंकले की ओमाहा. ओमाहा म्हणजे नेब्रास्कातलं ते गाव, जिथे 1950 पासून कॉलेज वर्ल्ड सिरीज भरते; या पोरांचं पंढरपूरच. सगळे जिंकत गेलात तर शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामन्यांत काम होतं. मध्ये एकदा घसरलात तर चार दिवसांत चार-पाच सामने. आणि खरी मेख इथेच आहे. हंगामभर हे संघ शनिवार-रविवार धरून तीन सामन्यांची मालिका खेळतात, त्यामुळे सामना सुरू करणारे भरवशाचे पिचर (चेंडू टाकणारे) असतात तीन. चौथ्या आणि पाचव्या सामन्यात चेंडू कुणाच्या हातात द्यायचा? पहिल्याच पंगतीला सगळा आमरस वाढून मोकळं झालं की तिसऱ्या पंगतीला यजमानाचं तोंड कसं होतं, ते आपण सगळ्यांनी लग्नात पाहिलेलं आहे.

म्हणून माझं मत असं की रीजनल जिंकणारा संघ बहुतेकदा सर्वांत चांगला नसतो. रविवारी संध्याकाळी ज्याच्या डब्यात काहीतरी उरलेलं असतं, तो असतो. चारही संघांकडे मी याच नजरेने बघतोय.

आधी यजमान. स्टॅनफर्ड देशात आठवं मानांकित, सलग दोन वर्षं ओमाहाला जाऊन आलेलं, या वर्षीही पॅक-12 लीगच्या नियमित हंगामाचं विजेतं. (संघाचं नाव कार्डिनल, आणि तो लाल रंग आहे, पक्षी नाही. दर वर्षी कुणीतरी विचारतं.) फलंदाजी भीती वाटावी अशी आहे. टॉमी ट्रॉय शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये, उभा असतो आणि जुलैच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ पोरं निवडतात तो) त्याचं नाव पहिल्याच फेरीत येईल असं सगळे धरून चाललेत. ब्रेडन माँटगोमेरी डावा-उजवा दोन्ही बाजूंनी फलंदाजी करतो, वर पिचिंगही करतो. उजव्या मैदानातून त्याने फेकलेला चेंडू एकदा बघाच, बेसवरचा धावपटू अर्ध्या वाटेतून परत फिरतो. पण मला सर्वांत आवडतो अल्बर्टो रिओस. पहिली दोन वर्षं बाकावर बसून काढली, बॅट हातात येण्याची संधी जेमतेम मिळाली, आणि या वर्षी थेट लीगचा सर्वोत्तम खेळाडू. असं काही बघितलं की स्टॅनफर्डचा राग धरणंही अवघड होतं.

पिचिंगमध्ये मात्र सगळा भार एका डावखुऱ्या हातावर आहे. क्विन मॅथ्यूज. गेल्या वर्षी टॅम्पा बे रेजने ड्राफ्टमध्ये निवडलं असताना तो चौथ्या वर्षासाठी कॉलेजात परत आला. हा गडी शंभराच्या वर चेंडू टाकूनही मैदानाबाहेर जायला तयार नसतो. त्याच्या मागे कोण, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. प्रशिक्षक डेव्हिड एस्कर त्याला उद्या आमच्याविरुद्ध उतरवणार की शनिवारसाठी झाकून ठेवणार, या एका निर्णयावर अख्खा वीकएंड फिरू शकतो. एस्कर जुगार खेळायला घाबरणारा माणूस नाही, एवढं मात्र सांगतो. 1987 च्या विजेत्या स्टॅनफर्ड संघाचा हा शॉर्टस्टॉप. पुढे पलीकडे बर्कलीला प्रशिक्षक असताना विद्यापीठाने बेसबॉल बंद करायचं ठरवलं होतं. लोकांनी पैसे उभे करून संघ वाचवला आणि याने 2011 मध्ये तोच संघ ओमाहाला नेला.

या चौघांत दुसरं मानांकन टेक्सस ए अँड एम. आपली कितीतरी मराठी मुलं त्यांच्या कॉलेज स्टेशन गावी शिकून आलीत, त्यांनी माफ करावं, पण मी यांच्यावर फार वेळ घालवणार नाही. प्रशिक्षक जिम श्लॉसनेगलने गेल्या वर्षी, म्हणजे पहिल्याच वर्षी, संघ ओमाहाला नेला. या वर्षी हंगाम हेलपाटत गेला आणि मग एसईसी लीगच्या अलाबामातल्या स्पर्धेत एकदम अंगात आल्यासारखे खेळून अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तिथे व्हँडरबिल्टकडून हरले. जेस लाव्हायोलेट नावाचा पहिल्या वर्षाचा साडेसहा फुटी डावखुरा पोरगा आहे, त्याने मारलेला चेंडू शोधायला जाऊ नये, नवीन मागवावा. जॅक मॉस आणि हंटर हास हे दोघेही अॅरिझोना स्टेटमधून आलेले. हल्ली संघ बांधायचा म्हणजे निम्मी भरती दुसऱ्याच्या अंगणातून. मारतील भरपूर. पण अलाबामातल्या त्या आठवड्यात सगळ्यांचे हात वापरून झालेत, आणि अर्धा देश ओलांडून इकडे आल्यावर पाच सामन्यांचं पिचिंग कुठून आणणार? शुक्रवार आणि शनिवार यांचे, पुढचं मला दिसत नाही. त्यांचे प्रेक्षक जमले तर मजा येईल. समोरच्या पिचरने फलंदाजाला चार बॉल (आवाक्याबाहेरचे चेंडू) टाकून फुकट बेस दिला की हे लोक मोजणं थांबवत नाहीत. पुढचा स्ट्राइक पडेपर्यंत 'बॉल फाइव्ह, बॉल सिक्स' असा गजर चालू. शाळेतल्या मागच्या बाकाची आठवण येते.

आता कॅल स्टेट फुलर्टन. तिसरं मानांकन, आणि खरं सांगायचं तर लाल टोपीवाल्यांनी भ्यायचंच असेल तर यांना भ्यावं. लॉस एंजेलिसच्या बाजूचं हे सरकारी कॉलेज, घरून ये-जा करणारी मुलं, पैशाची चणचण नेहमीचीच. आणि तरी चार राष्ट्रीय विजेतेपदं: 1979, 1984, 1995, 2004. पहिली तीन प्रशिक्षक ऑगी गॅरिडोची, चौथं जॉर्ज हॉर्टनचं. स्टॅनफर्डची किती? दोन, 1987 आणि 1988. फुलर्टनचा खेळ आपल्याला लगेच कळतो, कारण तो चोरट्या धावांचा आहे. बंट टाकायचा (बॅट नुसती लावून चेंडू जवळच पाडायचा), बेस चोरायचा, समोरच्याला घाईत चुकीचा थ्रो करायला लावायचं. 2018 नंतर मध्ये चार-पाच वर्षं ते या स्पर्धेत दिसले नव्हते, आता प्रशिक्षक जेसन डीट्रिकने परत आणलंय.

पण बुवा, तुला माहीत नसेल ती गोष्ट पुढे आहे. 2017 मध्ये हेच मैदान, हेच यजमान. रीजनल कुणी जिंकलं? फुलर्टनने. स्टॅनफर्डचे प्रशिक्षक मार्क मार्क्वेस यांचा 41 वा आणि शेवटचा हंगाम त्यांच्याच घरात संपवला. 2018 मध्ये एस्करचं पहिलं वर्ष, परत हेच मैदान, परत फुलर्टन! मी दोन्ही वर्षं तिथे होतो. 2018 ला माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारे आजोबा हाताने स्कोअर लिहीत बसले होते. शेवटचा बळी गेल्यावर त्यांनी पेन्सिलीला टोपण लावलं, वही बंद केली आणि केशरी टोपी काढून मैदानाला चक्क नमस्कारासारखं काहीतरी केलं. (या संघाचं बोधचिन्ह हत्ती आहे, तोही 1962 मध्ये कॉलेजच्या पोरांनी खरोखरच्या हत्तींची शर्यत भरवली त्यातून आलेला. ज्या कॉलेजने असली शर्यत भरवली त्याला मी मनातून कधीच पूर्ण विरोध करू शकत नाही.)

आणि आता आम्ही. चौथं मानांकन.

मी 2007 मध्ये सॅन होजेला आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्युनिसिपल स्टेडियमवर जायचो कारण तिकीट स्वस्त होतं आणि रूमवर कंटाळा यायचा. 1942 चं जुनं मैदान, आता त्याला एक्साइट बॉलपार्क म्हणतात. उन्हाळ्यात तिथे सॅन होजे जायंट्स खेळतात. रिकामी बाकं, अॅल्युमिनियमच्या बॅटचा तो 'टिंग' आवाज, आणि मांडीवर नेटवर्क्सचं पुस्तक. संघ बहुधा हरायचा. 1857 पासूनचं विद्यापीठ, स्टॅनफर्डच्या कितीतरी आधीचं, 1996 चा व्यावसायिक नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू केन कॅमिनिटी इथलाच, 2000 मध्ये संघ ओमाहालाही गेलेला. पण हे कुणाला सांगायला गेलं की लोक 'अच्छा' म्हणून विषय बदलायचे.

आणि मग 2008 ची ती गोष्ट. फ्रेस्नो स्टेट, तेव्हा आमच्याच डब्ल्यूएसी लीगमधलं, वर्षातून आमच्याशी खेळणारं. रीजनलला चौथं मानांकन. आधी लाँग बीचचं रीजनल मारलं, मग अॅरिझोना स्टेट, आणि शेवटी ओमाहात जॉर्जियाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद. आजवर चौथ्या मानांकनावरून ते जिंकणारा तो एकमेव संघ. आमच्याशी खेळलेली पोरं होती ती! त्या रात्री मला हा खेळ पहिल्यांदा खरा कळला. तेव्हापासून चौथ्या क्रमांकाला लिंबूटिंबू म्हणणाऱ्याशी मी भांडतो.

या वर्षी आमच्या माउंटन वेस्ट लीगची स्पर्धा जिंकून आम्ही इथे आलोय, कुणाच्या मेहेरबानीने नाही. प्रशिक्षक ब्रॅड सॅनफिलिपोंचा संघ आहे, चार्ल्स मॅकअडू चेंडू खणखणीत मारतो. आमच्या पिचरांचे आकडे बघून हसणाऱ्यांनी जरा नकाशा उघडावा. या लीगमध्ये न्यू मेक्सिको आहे, एअर फोर्स अकादमी आहे. उंचावरची मैदानं, विरळ हवा, तिथे साधा उडालेला चेंडूही कुंपणाबाहेर जातो. स्टॅनफर्डच्या पालो आल्टोला संध्याकाळी खाडीवरून गार वारा सुटला की तोच चेंडू झेलात पडतो. शिवाय स्टॅनफर्डचं मैदान, सन्कन डायमंड, नावाप्रमाणेच खड्ड्यात आहे. 1921 मध्ये शेजारचं मोठं स्टेडियम बांधताना माती काढली, तो खड्डा झाला मैदान. रस्त्याच्या पातळीवरून आत शिरायचं आणि पायऱ्या उतरत जायचं, विहिरीत उतरल्यासारखं.

जिंकू का? दहा वेळा खेळलो तर दोन-तीनदा, बस. पण उद्या आमचं काम फक्त जिंकणं नाहीये. मॅथ्यूज आला तर त्याला प्रत्येक फलंदाजाने सहा-सात चेंडू टाकायला लावायचे. नाही आला, तर पाचव्या इनिंगपर्यंत सामना इतका जवळ ठेवायचा की एस्करला बुलपेनमधला (राखीव पिचर बसतात तिथला) शनिवारचा माल काढावाच लागेल. मग शनिवारी कुणीही समोर येवो, स्टॅनफर्डचा डबा अर्धा रिकामा.

पैजेचं विचाराल तर माझी वडापावची पैज स्टॅनफर्डवरच आहे, लाज वाटते पण आहे. रविवारी मात्र संपत नाही, सोमवारपर्यंत जाणार, आणि आधी एकदा हरून. शेवटच्या सामन्यात समोर बहुतेक फुलर्टन असेल.

आमच्या घरातली विभागणीही सांगून ठेवतो. धाकटा मागच्या उन्हाळ्यात स्टॅनफर्डच्या मैदानावर शिबिराला गेला होता, तो लाल टोपी घालणार. बायको म्हणते तिला कुणाचंच काही नाही, सावलीतली जागा हवी. मी माझी 2007 ची निळी टोपी शोधून काढली, आतली पट्टी पार पिवळी पडलीये. बुवा, तू येतोयस हे मला माहीत आहे. येताना शेंगदाणे आण, आणि पाचव्या इनिंगला माझ्याशी बोलू नकोस. मी बुलपेनकडे बघत असेन, तिथून कोण उठतोय ते.