झिंगत नाही ना, मग झालं!

आज सकाळी दूध आणायला गेलो, तर कट्ट्यावर एमडी या नशेच्या पावडरीच्या बातमीवर चर्चा. एक काका म्हणाले, "दारुड्यांपेक्षा ही पोरं बरी. निदान गटारात तरी पडत नाहीत." डोकंच फिरलं माझं.

अहो काका, पडत नाहीत हीच तर बोंब आहे!

माझा आतेभाऊ. गणपतीत पुठ्ठ्याचं अख्खं मखर एकट्यानं उभं केलं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, पोटात अन्न नाही. आत्या येईल त्याला कौतुकानं सांगायची, "पोरगं बघा कसं राबतंय." तोंडात काही नसताना त्याचा जबडा मात्र सारखा हलत होता. मला वाटलं, गुटखा सोडतोय बहुतेक.

नशा म्हणजे झिंगणं, बरळणं, एवढंच आपल्याला ठाऊक. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हे उत्तेजक. बरोबर उलटं. मेंदूतली डोपामिन, नॉरएड्रेनालिन, सेरोटोनिन ही रसायनं भसाभस उपसून काढतं. माणूस तरतरीत, बोलका. आत काळीज धडधडतंय, रक्तदाब चढलाय, अंग तापलंय, दातावर दात. दोन-तीन तासांत उतरतं, म्हणून पावडरीची परत एक ओळ. परत एक. मग संशय. विसर्जनानंतर आतेभावानं खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, खाली पाळत ठेवलीय म्हणून. आत्या म्हणाली, परीक्षेचं टेन्शन.

2015 पासून हे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. 2024 मध्ये आमच्याच पुणे जिल्ह्यात, कुरकुंभच्या एमआयडीसीत, शेकडो किलो सापडलं. आणि आपण काय ठरवतोय? दारू बरी की पावडर बरी!

आता कुणीतरी येईलच, "चहासुद्धा उत्तेजकच की." हो बाबा, आहे. मीच दिवसाला चार कप ढोसतो. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणाऱ्या मुलांना डॉक्टर मोजूनमापून उत्तेजक औषध देतात, त्यानं फायदा होतो, तेही मान्य. पण ती गोळी आणि पार्टीत कुणी हातात कोंबलेली पुडी एकच का?

काकांना जरा जास्तच बोललो, खरं तर. मला तरी कुठे कळलं होतं? त्या रात्री त्याच्या शेजारी बसून मीच पुठ्ठे कापत होतो. पाण्याचा तांब्या घेताना त्याचा हात थरथरत होता आणि मी म्हणालो, "काय स्टॅमिना आहे रे तुझा!" हसला. जबडा हलतच होता.

उपचार झाले, बरेच महिने लागले. परवा आत्याकडे गेलो, तर भर दुपारी साहेब सोफ्यावर आडवे. तोंड उघडं, जबडा सैल, चक्क घोरत होता. मी हाक मारणार, तेवढ्यात आत्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि जाऊन टीव्ही बंद केला.