खुलासा : कडुनिंबाच्या पावडरीने किडलेले कडधान्य ‘साफ’ होत नाही

‘भुंगेरे लागलेल्या चवळीत मूठभर कडुनिंबाची पावडर मिसळा, आठवड्यात कीड संपते’ असा संदेश फिरतो आहे. तो अर्धवट खरा आहे, आणि त्यामुळेच नुकसान करतो.

चवळीवरचा भुंगेरा अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो. अळी बाहेर न येता थेट दाण्यात शिरते, आतलाच गर खाते आणि पूर्ण वाढल्यावर गोल भोक पाडून भुंगेरा होऊन निघते. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास हे सारे तीन-चार आठवड्यांत उरकते. पावडर दाण्याच्या बाहेर असते. आतल्या अळीपर्यंत ती पोहोचणार कशी? तिचा उपयोग प्रौढ भुंगेऱ्यांना आणि अंडी घालण्याला अडथळा आणण्यापुरता. म्हणून ती कीड नसलेल्या, कडक वाळलेल्या दाण्यांतच आणि साठवतानाच मिसळावी. पानांपेक्षा निंबोळीची पावडर जास्त प्रभावी असते, पण उन्हात तिचा गुण लवकर उतरतो.

कीड बहुधा शेतातूनच येते. किडलेले थोडे दाणे असतील तर उणे १८ अंशांवर काही दिवस ठेवा, आतल्या अळ्याही मरतात.

आणि कृपा करून कण्हेर किंवा एरंडाच्या बियांची पावडर खाण्याच्या धान्यात घालू नका. वनस्पतीजन्य असली तरी ती माणसालाही विषारी आहे.