पाचशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढावी का? डिचोलीकरांना उत्तर

डिचोलीकर बाब, नमस्कार.

तालांव (वाहतूक पोलिसांचे दंडाचे चलन) न भरता कोर्टात गेलो त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. तुमचे तीन आक्षेप आहेत. पाचशे रुपयांसाठी कोर्टाचा वेळ फुकट घालवू नये. गोव्याच्या रस्त्यांवर तरुण पोरे मरत असताना मी नियम मोडणाऱ्यांना पळवाट दाखवतो. आणि रोजंदारीवरच्या माणसाला हे परवडतच नाही. तिसरा आक्षेप खरा आहे, त्याकडे शेवटी येतो. पहिले दोन मला मान्य नाहीत.

पळवाटेचे आधी. हेल्मेट न घालता पकडले गेलात तर दंड भरा, हे मी त्या लेखातही लिहिले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ड खाली हजार रुपये दंड आहे आणि तीन महिने परवाना जाऊ शकतो. तो कायदा योग्यच आहे. चूक केलेल्या माणसाने कोर्टात जाऊन वाद घालावा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. माझा प्रश्न ज्याच्या हातून चूक झालेलीच नाही त्याचा आहे.

माझ्या बाबतीत काय घडले ते तुम्ही घाईत वाचले असावे, म्हणून पुन्हा सांगतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळीचे (गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या मांडवीचे) सामान आणायला स्कूटरवरून बाजारात गेलो. नेहमीच्या वाटेने वळलो आणि वीस पावलांवर वाहतूक पोलिसाने थांबवले. बाजारापुरती ती वाट बंद केली होती. फलक होता, पण एका विक्रेत्याच्या ताडपत्रीमागे, आणि त्याच्यापुढे आंबाडे नि सुपारीचे घोस टांगलेले. रस्त्यावरून तो दिसणे शक्यच नव्हते. मी तिथेच चार फोटो काढले, पैसे भरत नाही म्हणून सांगितले आणि प्रकरण न्यायालयात पाठवायला लावले.

तालांवावर कलम ११९ होते: चालकाने वाहतूक चिन्हाचे पालन करावे. शिक्षा कलम १७७ ची, पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत. पण त्याच कायद्यातले कलम ११५ वाचा. रस्ता बंद करायचा तर योग्य जागी फलक लावावा लागतो. बंदी महिनाभराहून जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना नसली तरी चालते, मात्र परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. म्हणजे बाजारातल्या त्या एका दिवसाच्या बंदीचाही कायद्याने विचार केलेला आहे. जो फलक दिसतच नाही, त्याचे पालन कोणी कसे करावे?

न्यायालयात एवढेच मांडले. पहिल्या तारखेला पुकारा झाला, आरोप वाचून दाखवला आणि विचारले, ‘गुन्हा कबूल?’ मी नाही म्हटले. दुसऱ्या तारखेला तालांव देणाऱ्या पोलिसाची साक्ष झाली. वकील केला नव्हता, प्रश्न मीच विचारले. फोटो असलेला फोन बरोबर नेला होता. ‘वळणावर उभे राहिल्यावर फलक दिसत होता का?’ या प्रश्नावर तो पोलीस क्षणभर थांबला आणि प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणाला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मी सुटलो. दोन्ही दिवस मिळून सुनावणीला पाऊण तास लागला असेल. यात कोर्टाचा वेळ वाया गेला, असे मला वाटत नाही. न्यायालय याच कामासाठी असते. त्या दिवशी त्या वळणावर माझ्या आधी आणि नंतर किती जणांनी मुकाट्याने पैसे दिले असतील? तो फलक ताडपत्रीमागे होता, याची कागदोपत्री नोंद एका खटल्यामुळे झाली.

आता तुमचा तिसरा आक्षेप. माझे दोन अर्धे दिवस गेले आणि मला पगारी रजा होती. बांधकामावर जाणाऱ्याला त्यासाठी दोन दिवसांची मजुरी सोडावी लागेल. कायदा इथे उलट्या बाजूने सोयीचा आहे: कलम २०८ प्रमाणे किरकोळ गुन्ह्यात समन्सला पत्राने उत्तर देऊन, दंड पाठवून मोकळे होता येते, पण त्यासाठी गुन्हा कबूल करावा लागतो. नाकबूल करणाऱ्याला मात्र स्वतः खेपा घालाव्या लागतात, नाहीतर वकील द्यावा लागतो. हा अन्याय आहे आणि माझ्या लेखात तो यायला हवा होता. तुम्ही दाखवून दिलेत, आभार. एक वाट आहे: तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही, इतर गरिबांना मर्यादा आहे. लोकअदालतीत मात्र या कामासाठी जाऊ नका. तिथे तडजोड होते, दोषी की निर्दोष हे ठरत नाही.

जोखीमही सांगतो. कलम १७७ मध्ये हरलात तरी पहिल्या वेळी दंड पाचशेच्या वर जात नाही. पण धोकादायक रीतीने वाहन चालवल्याचे कलम १८४ असेल तर दंड हजारापासून पाच हजारांपर्यंत जातो, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि तालांव खिशात ठेवून विसरणे, हा मार्ग तर मुळीच नको. समन्सकडे पाठ फिरवली तर वॉरंट निघू शकते.

तुमच्या भावाचे वाचून मात्र वाईट वाटले. पिकअपचे कागद त्याने फोनवर डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये दाखवले, तरी मूळ प्रती नाहीत म्हणून तालांव झाला आणि भाडे चुकू नये म्हणून त्याने भरला, असे तुम्ही लिहिले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ २०१८ मध्ये बदलला. तेव्हापासून फोनवरचे कागद चालतात. भरलेल्या पैशांचे आता काही होणे कठीण आहे, पण त्या नियमाची एक छापील प्रत गाडीत ठेवायला सांगा. पुन्हा तसे झाले तर त्याने पैसे भरू नयेत. तालांवाचा फोटो मला पाठवावा, त्याच्याबरोबर न्यायालयात मी येईन.